फाटकावरचा प्रश्न : गिरणीतील भरती आणि संशोधनाचा विषय

पदव्युत्तर प्रबंधासाठी मनुष्यबळ व्यवस्थापनातला विषय सुचवा, असे म्हणत दरवर्षी एक-दोन विद्यार्थी माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या वहीत शीर्षक आधीच लिहिलेले असते : ‘अमुक कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा चिकित्सक अभ्यास.’ कंपनीचे नाव तेवढे बदलते, प्रश्नावली तीच. यंदा आलेल्या मुलीला मी विचारले, ‘तिथे कंत्राटी कामगार किती आहेत?’ ती म्हणाली, ‘पुष्कळ आहेत. पण ते आमचे कर्मचारी नाहीत, त्यांना फॉर्म देऊ नका, असं ऑफिसातून सांगितलंय.’

तिचा खरा विषय या उत्तरातच होता. कामगार कोणाचा आणि त्याला कामावर घेणारा कोण, हा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. आपल्याकडे या विद्याशाखेची वाट तयार झाली ती बऱ्याच अंशी याच प्रश्नातून.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, रत्नागिरी, सातारा भागांतून माणसे येत राहिली. पण मालक किंवा मॅनेजर त्यांना स्वतः कामावर घेत नसे. ते काम जॉबरचे. माणूस आणणे, काम शिकवणे, देखरेख करणे, कोणी खाडा केला तर त्या जागी बदली उभा करणे आणि नको असलेल्याला घरी पाठवणे हे सगळे त्याच्या हाती असे. बायकांच्या खात्यांवर नायकीण असे. कामाला लावण्याबद्दल दस्तुरी घेतली जाई, पुष्कळदा कर्जही जॉबरकडूनच मिळे. रोज सकाळी फाटकावर जमणाऱ्या बदली कामगारांपैकी आत कोण जाणार, हे बोटाने दाखवणारा तोच. त्या बोटावर घरची चूल पेटणार की नाही हे ठरे.

१९२८ मध्ये एका कामगाराने जास्त माग, जास्त साचे सांभाळावेत या योजनांच्या विरोधात गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. पुढच्याच वर्षी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला; ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने भरतीतल्या लाचखोरीवर बोट ठेवले. नेमणूक आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि कारखान्यात थेट व्यवस्थापकाला जबाबदार असा कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली.

नंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. मुंबई सरकारने १९३४ च्या कायद्यान्वये कामगार अधिकारी नेमला. गिरण्यांनीही स्वतःचे अधिकारी ठेवायला सुरुवात केली. त्यात कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्याइतकाच, लाल बावट्याच्या युनियनला दूर ठेवण्याचाही हेतू होता. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक बदली कामगारांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची सत्ता एका दिवसात गेली नाही, पण त्याच्या बोटाच्या जागी कागद आला. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने गिरणगावाला लागून असलेल्या नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था सुरू झाली. तीच आजची ‘टिस’. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि या शिक्षणाला नोकरीची बाजारपेठ मिळाली.

आता संशोधकांनी याच प्रश्नाचे काय केले ते पाहू. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचा ग्रंथ १९६५ चा. गिरण्यांना माणसांची टंचाई होती म्हणून जॉबर लागला, ही रूढ समजूत त्यांनी खोडून काढली. माणसे मिळत होती. शिस्त आणि भरती खालच्या माणसावर सोपवणे मालकांनाच सोयीचे होते, असे त्यांचे म्हणणे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात गिरणीच्या भिंतीबाहेर पाहिले. चाळ, खानावळ, सावकार, गाववाले यांच्या जाळ्यात जॉबर स्वतःही बांधलेला होता. वरून मालक आणि खालून कामगार अशा कात्रीत सापडल्यामुळे त्याची सत्ता वाटते तेवढी अमर्याद नव्हती, असे त्यांनी दाखवले. गिरण्या त्याच, जॉबर तोच; पण प्रश्न वेगळ्या जागी उभे राहून विचारला, म्हणून दुसरा ग्रंथ पहिल्याची नक्कल झाला नाही.

विषय निवडताना एवढे कळले तरी पुरे. ‘समाधान’ हा विषय वाईट नाही. पण कोणाचे समाधान मोजायचे आणि कोणाला यादीबाहेर ठेवायचे हे कंपनीचे ऑफिस ठरवत असेल, तर उत्तर निम्मे आधीच ठरलेले असते. मुकादमाच्या देखत भरलेल्या प्रश्नावलीत कामगार नाराजी लिहिणार नाही. त्यापेक्षा एक कारखाना, एक खाते, दोन-तीन वर्षांचा काळ घ्यावा. हजेरीपट, कंत्राटदाराची पगारनोंद, कामावर घेताना कोणाची ओळख लागली, कोणाला किती पैसे द्यावे लागले, याची चौकशी कारखान्याबाहेर, पाळी सुटल्यावर करावी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकलेली जबाबदारी कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हेही तपासता येईल. एका विद्यार्थ्याला दोन वर्षांत झेपेल एवढेच हे काम आहे.

त्या मुलीला मी एवढेच सुचवले, की शीर्षक तूर्त कोरे ठेव आणि आठवडाभर सकाळी फाटकावर उभी राहा. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आत जाणाऱ्यांची नावे एक माणूस वहीत पाहून पुकारत होता, आणि ती वही कंपनीची नव्हती. तिला विषय सापडला होता. मार्गदर्शकांची संमती मात्र अजून यायची आहे.