पाहुण्यांसाठी सारवलेलं शहर

जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा असला, की आपल्या गावात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर कुणी न बघितलेल्या रस्त्यावर मुरूम पडतो, खांबावरचे दिवे लागतात, गटार उपसलं जातं. पाहुणे येणार म्हटलं की घर सारवायचं, ही रीतच. मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटात यावरून बोलणं निघालं, म्हणून आज अशाच एका शहराची गोष्ट सांगतो आहोत. देश स्पेन, शहर बार्सिलोना, साल १९९२.

हे शहर समुद्राकाठचं, पण समुद्राकडे पाठ करून बसलेलं. किनाऱ्यालगत रेल्वेचे रूळ, त्यांच्याशेजारी पोब्लेनोऊ भागातले जुने कारखाने आणि गोदामं. सांडपाणी सरळ समुद्रात. फ्रँको या हुकूमशहाच्या काळात वस्त्या वाढत गेल्या, सोयी मात्र मागे राहिल्या. तो १९७५ साली वारला. १९७९ मध्ये लोकांनी आपली नगरपालिका निवडली, आणि १९८६ च्या ऑक्टोबरात ऑलिंपिकचा मान या शहराला मिळाला.

महापौर होते पास्क्वाल मारागाल. रस्त्यांचे, किनाऱ्याचे बेत आधीपासून कागदावर होते. खेळांमुळे त्यांना पैसा मिळाला आणि तारीखही मिळाली. तारीख फार महत्त्वाची, हे आपण हप्ते भरणाऱ्या बायका जाणतोच. किनाऱ्यावरचे रूळ काढले, सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, वाळू आणून टाकली, शहराभोवती वळणरस्ता बांधला. माँजुइक टेकडीवर १९२९ सालचं स्टेडियम होतं. ते पाडलं नाही. दर्शनी भिंत तशीच ठेवून आतून नवं केलं. एकूण खर्चात खेळाच्या मैदानांचा वाटा थोडाच, बाकीचा पैसा शहरासाठी. बेकारीही त्या वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. खेळ झाले जेमतेम पंधरा-सोळा दिवस, पण किनारा कायमचा लोकांना मिळाला.

प्रत्येक शहराला हे जमत नाही. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये १९७६ ला ऑलिंपिक झालं. तिथले महापौर आधीच छातीठोकपणे म्हणाले होते, की पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिंपिकला तूट येईल! आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. तूट आलीच. मोठा पैसा गेला तो एका भव्य स्टेडियमवर, आणि त्याचं कर्ज फिटलं २००६ मध्ये. तीस वर्षं! त्यासाठी तंबाखूवर खास कर लावावा लागला. शिलाई मशीनसाठी काढलेलं कर्ज आणि लग्नातल्या मांडवासाठी काढलेलं कर्ज, यांतला फरक आपल्या कुठल्याही गटातली बाई सांगेल. तोच हा.

पण बार्सिलोनाचं नुसतं कौतुक करून थांबणं आम्हाला पटत नाही. पोब्लेनोऊत खेळाडूंसाठी सुमारे दोन हजार घरं बांधली. खेळ संपल्यावर त्यातली काही परवडणाऱ्या दरात मिळतील, अशी आशा होती. ती बहुतेक बाजारभावानंच विकली गेली. कारखान्यात राबलेल्यांच्या लेकरांना आपल्याच भागात घर घेणं जड झालं. पुढे पर्यटक इतके वाढले, की रहिवासी त्यांच्याविरुद्ध मोर्चे काढू लागले.

त्याच किनाऱ्यावर पूर्वी सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती. लाटा घरात शिरायच्या, नळ नव्हते. जगभर नाव झालेली नर्तकी कार्मेन अमाया याच वस्तीतली. १९६६ साली फ्रँको आरमाराची कवायत बघायला येणार होता, म्हणून ही वस्ती घाईघाईनं उठवली आणि माणसं शहराबाहेर नेऊन टाकली. तेव्हाही पाहुणाच येणार होता.

आज तिथे स्वच्छ वाळू आहे, लोक पोहायला येतात. किनाऱ्याच्या त्या तुकड्याला आता सोमोरोस्त्रो हे नाव दिलं आहे.