खाडीपलीकडचा रस्ता

नकाशा पुढे घेऊन बसले म्हणजे कोकणचा प्रवास फार सोपा दिसतो. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याची एक वाकडीतिकडी रेघ आणि तिच्यावर ओवलेली गावे : चौल, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास समुद्र आणि मधून आपली मोटार, असे चित्र मनापुढे उभे राहते. पण त्या रेघेवरून बोट फिरवू लागावे, तो थोड्याच अंतरावर ते अडते. मध्ये खाडी असते. कुंडलिकेची ओलांडावी तो राजपुरीची, तिच्यापुढे बाणकोटची, मग दाभोळची, मग जयगडची. किनाऱ्याने सलग जाणारा रस्ता कोकणात पूर्वापार नव्हताच; आणि तो का नव्हता हे उमगले, म्हणजे ह्या चिमुकल्या बंदरांचा निम्मा इतिहास हाती लागतो.

हा उद्योग मी सध्या करीत आहे तो घरच्या हुकमावरून. आम्ही चिंचवडकर. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात आहे आणि भाऊबीजेनंतर त्याला चार दिवसांची रजा मिळते. नातीला काठाकाठाने जावयाचे आहे. माझ्या थोरल्या वहिनींना एकदा हर्णै पाहावयाचे आहे. त्यांचे माहेर त्या बाजूचे, आणि वय ऐंशीच्या पुढे गेलेले. बेत ऐकून त्यांनी एकच अट घातली. म्हणाल्या, "भावजी, महामार्गाने नेणार असाल तर मी घरीच बरी. त्या रस्त्यावरून समुद्र दिसतो का कुठे?"

वहिनींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मुंबई-गोवा महामार्ग पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर असा जातो, आणि ह्यांतल्या एकाही गावच्या वेशीतून समुद्र दिसत नाही. कारण असे की ही गावे समुद्राची नव्हेत, खाड्यांच्या माथ्याची आहेत. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर गलबते येत. तिथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढून घाटाच्या वाटेला लागे. चिपळूणजवळ गोवळकोटचा धक्का होता, महाडला सावित्रीची खाडी होती, राजापूर आणि खारेपाटण तशीच. भरती संपे तिथे बाजार वसला. नदीही तिथे अरुंद होते, म्हणून पूल बांधणे तिथेच परवडे. रस्ता त्या बाजारांना जोडत गेला आणि पुढे १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही बहुतेक ठिकाणी समुद्रापासून दूर, आतूनच गेली. किनाऱ्यावरची गावे दोघांनाही वाटेवरची वाटली नाहीत.

आपल्या देशावरच्या वाटांचेही तेच. नाणेघाट, बोरघाट, वरंधा, कुंभार्ली, आंबा : प्रत्येक घाट सह्याद्रीवरून सरळ खाली उतरून एकेका बंदराकडे तोंड करतो. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेण्यात जो शिलालेख आहे त्याच्या काळापासून हा क्रम चालू आहे. घाटावरून समुद्राकडे जावे आणि आल्या वाटेने परतावे. एका बंदरातून दुसऱ्या बंदरास जमिनीने जाण्याचे काम सहसा पडत नसे.

चाकणचे नाव घेतले म्हणजे आपल्याला १६६० सालचा शायिस्ताखानाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा आठवतो. पण त्याच्याही दोनशे वर्षे आधी, पंधराव्या शतकाच्या मध्यास, ह्याच चाकणहून कोकणात जाण्याचा एक मोठा बेत रचला गेला होता. बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार ह्याने चाकणला ठाणे केले आणि किनाऱ्याकडची मुलूखगिरी आरंभली. फिरिश्त्याने हकीकत दिली आहे ती अशी की, त्याने पाडाव केलेल्या शिर्क्यांनीच वाटाड्याचे काम पत्करले आणि फौज विशाळगडाच्या बाजूच्या रानात अशा जागी नेऊन घातली की तिथून माघारी फिरण्यास वाटच उरली नाही. सरदार तिथेच मारला गेला. उरलेसुरले लोक चाकणला परतले. लढाईची कारणे राजकारणाची खरीच, पण घाटाखालच्या मुलखात वाटाड्याशिवाय आडवे चालणे म्हणजे काय, हे त्यावरून कळते.

थोड्याच वर्षांनी एक रशियन व्यापारी, त्वेर गावचा अफनासी निकितीन, घोडा विकण्याच्या आशेने चौलला उतरला. तिथून पालीवरून घाट चढून तो जुन्नरला गेला. तीनेक आठवडे त्याला लागले. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगावी डावीकडे वळावे म्हणजे जुन्नर येते, तेच हे. तिथे त्याने पावसाळा काढला. तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा सुटला आणि धर्मही राहिला. पुढे बीदर वगैरे पाहून तो परतीसाठी समुद्रावर आला तो दाभोळला. चौल आणि दाभोळ ह्यांत सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर अंतरही नाही. निकितीनने दोन्ही बंदरे पाहिली, पण एकातून दुसऱ्याकडे तो गेला तो सारे दख्खन पालथे घालून! रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. नातीला तिथे थांबवून हा घोड्याचा किस्सा सांगण्याचे मी ठरवले आहे.

मग किनाऱ्यावरची माणसे एकमेकांकडे जातच नव्हती काय? जात होती, पण पाण्यावरून. बाणकोटच्या खाडीच्या उत्तरेस श्रीवर्धन, तिथले बाळाजी विश्वनाथ भट. दक्षिणेस वेळास, तिथले भानू, म्हणजे पुढे नाना फडणविसांचे घराणे. भट आणि भानू मिळूनच घाटावर गेले असे सांगतात. खाडीच्या दोन तीरांवरून पुण्याचा कारभार उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खाडी अडवते ती चाकांना. होडीवाल्याला ती रस्ताच असते.

आगबोटी आल्या तेव्हा हा पाण्याचा रस्ता वेळापत्रकाने बांधला गेला. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या, तिच्याशी टक्कर देणारी स्वदेशीच्या चळवळीतली भागधारकांची कंपनी होती. तिला लोक कौतुकाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. गिरणगावात भाकरी मिळवणारा रत्नागिरी जिल्हा गणपती-शिमग्याला ह्या बोटींनी घरी जाई. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हताच. बोट दूर उभी राही, पडाव तिला जाऊन लागे आणि खलाशी बायकामुलांना हात देऊन वर ओढून घेत. पावसाळ्यात बाहेरच्या बंदरांच्या फेऱ्या बंद पडत. नारळी पौर्णिमा झाली की दर्या पुन्हा खुला होई.

आमच्या वहिनी १९६१ साली लग्न होऊन आल्या त्या ह्याच वाटेने. थोरले बंधू पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात नुकते लागले होते. हर्णै ते चिंचवड सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. पण वऱ्हाड पडावातून बोटीवर, बोटीने मुंबईस, आणि बोरीबंदरहून आगगाडीने घाट चढून चिंचवडास, असे आले. "तुमच्याकडे यायला मला आधी मुंबई बघावी लागली," असे त्या अजून म्हणतात.

ह्या बोटींबद्दल हळवेपणाने लिहिण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ती पुरती मान्य नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. मुंबई डोळ्यांच्या टप्प्यात असताना गेली. दर्या बंद असला म्हणजे काय होई, हे महर्षी कर्व्यांच्या आत्मवृत्तात वाचावे. दापोलीजवळच्या मुरुडहून परीक्षेसाठी ते भर पावसात घाट चढून साताऱ्यापर्यंत ११० मैल पायी गेले आणि तिथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. अशी किती मुले असतील, ज्यांनी आत्मवृत्त लिहिले नाही! तेव्हा पूल हवा, रस्ता हवा, हे खाडीकाठच्या माणसाने म्हणावे आणि आपण सुटीपुरते गेलेल्यांनी 'पूर्वीची गंमत गेली' म्हणून सुस्कारे टाकावेत, हे बरे नव्हे.

बोटी पुढे थांबल्या. रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव गेली, आणि प्रत्येक बंदर आपापल्या तालुक्याच्या गावाकडे, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, पाहू लागले. पलीकडच्या तीरावरचे गाव दिव्यांसकट दिसे आणि गाडीने मात्र दुसऱ्या मुलखात पडे. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला मोटारीने जायचे तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, पुढे आली. काही खाड्यांवर पूल झाले, मोठ्या खाड्यांपाशी रस्ता वर्षानुवर्षे तसाच थांबून राहिला. आता त्या पुलांचीही कामे शासनाने हाती घेतली आहेत.

मधल्या काळात वाट काढली ती फेरीबोटीने. २००३ साली दाभोळ-धोपावे अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली, आणि मग बागमांडला-वेसवी, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड अशा इतर खाड्यांवरही तशाच बोटी आल्या. शंभर किलोमीटरांचा वळसा थोड्या मिनिटांवर आला. फेरीबोटीत बघावे : पुण्या-मुंबईच्या मोटारी असतात, पण त्यांच्याशेजारी मासळीच्या पाट्या, शाळेची मुले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसेही असतात. पाण्याचा जुना रस्ता असा पुन्हा चालू झाला, फक्त लांबीने नव्हे तर रुंदीने.

आमचा बेत ह्या बोटींवरच उभा केला आहे. रत्नागिरी-मालवणपर्यंत सगळे चार दिवसांत उरकण्याचा मुलाचा आग्रह मी मोडून काढला. तसे केले तर दिवसभर गाडीच हाकावी लागेल. पहिल्या दिवशी बोरघाट उतरून पेण, अलिबाग, चौल-रेवदंडा आणि मुरुड. जंजिरा किनाऱ्यावरूनच पाहावयाचा, वहिनींना शिडाच्या होडीत चढउतार सोसणार नाही. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला खाडी ओलांडून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवी, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले आणि हर्णै. १७५५ च्या सुमारास इंग्रजांनी आंग्र्यांकडून बाणकोट घेऊन त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हटले. तिथे अर्धा तास पुरे. हर्णैला मात्र संध्याकाळ मोकळी ठेवली आहे, सुवर्णदुर्ग समोर घेऊन बसण्यासाठी. फेरीबोटीत मोटारीतून उतरून कठड्याशी उभे राहू देतात की नाही, एवढीच चौकशी वहिनींनी केली. देतात.

चौथ्या दिवशी दाभोळहून पलीकडे, गुहागरला जेवण, आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून पाटण, सातारा, घर. त्या चढणीवर कुठेतरी मोटार थांबवून नातीला मैलभर तरी पायी चालवावयाचे, कर्व्यांची गोष्ट सांगत, असे माझ्या मनात आहे. हे मात्र तिला अजून सांगितलेले नाही.