हत्तीरोग : ज्यांना दारच नाही त्यांची तपासणी कशी होणार?

मालवण : डासांचा आजार म्हटला की डेंग्यू-मलेरिया आठवतो. हत्तीरोग मात्र विसरला जातो, कारण तो ताबडतोब त्रास देत नाही. राज्यातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत सिंधुदुर्गचं नाव राहिलेलं आहे.

कसा होतो?
घाणेरड्या, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. एकदा-दोनदा चावून सहसा काही होत नाही, महिनोन् महिने चावत राहिला की लागण होते. जंतू लसिकावाहिन्यांत वाढतात आणि अनेक वर्षं जगतात. पाय सुजणं, पुरुषांत अंडवृद्धी ही लक्षणं कित्येक वर्षांनी दिसतात.

धोका कोणाला?
जो उघड्यावर झोपतो त्याला जास्त. बंदरावर होडीतच रात्र काढणारे परप्रांतीय खलाशी, बांधकामावरचे मजूर, एसटी स्टँड किंवा देवळाच्या आवारात झोपणारे बेघर यांना ना जाळीची खिडकी, ना मच्छरदाणी.

सुटतात कुठे?
या रोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा रक्तात फारसे सापडत नाहीत. रात्री १० ते २ दरम्यान ते सर्वात जास्त असतात. म्हणून नेहमीची रक्तपट्टी तपासणी रात्रीच करावी लागते. पथक घरोघरी फिरतं. ज्याला घरच नाही तो नोंदीबाहेर राहण्याची भीती असते. पावसाळी मासेमारी बंदी लागली की खलाशी गावी जातात, म्हणजे माग काढणं आणखी कठीण. रक्तात जंतू असलेला माणूस धडधाकट दिसतो, पण त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला लागण करू शकतो. त्यामुळे हा प्रश्न फक्त बेघरांचा नाही, अख्ख्या वाडीचा आहे.

उपचार
रक्तात जंतू सापडल्यास डीईसी गोळ्यांचा १२ दिवसांचा कोर्स वजनाप्रमाणे देतात. सरकारी दवाखान्यात तो मोफत आहे. मात्र जुनी सूज गोळ्यांनी जात नाही. पाय रोज साबण-पाण्याने धुवून कोरडा ठेवणं, जखम न होऊ देणं हाच इलाज. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते. ज्याला आंघोळीचंच पाणी नाही, त्याला पाय रोज धुणंही अवघड जातं.

काय करता येईल?
होडीमालक आणि ठेकेदारांनी माणसं कामावर घेतानाच आरोग्य केंद्रात कळवावं, झोपायला मच्छरदाणी द्यावी. रात्रीच्या तपासणीत बंदर आणि स्टँडही घ्यावा. गटार वाहतं ठेवावं, संडासाच्या व्हेंट पाईपला जाळी बांधावी. आणि रात्री पथक आलं तर बोट पुढे करायला कुणी लाजू नये.