पेशव्यांचे टोपीकर चाकर व तहांतील निषेधाचीं कलमें

(१)

मराठे व इंग्रज यांच्यामधील तहनामे वाचतांना अभ्यासकांची दृष्टि बहुधा तीन गोष्टींवर खिळते: मुलूख किती गेला, पैका किती ठरला आणि तैनाती फौज किती राहिली. ह्या मोठ्या कलमांच्या आड एक लहानसें कलम बहुतेक प्रत्येक तहनाम्यांत दडलेलें असतें. एतद्देशीय राजानें कोणत्या परदेशी माणसास चाकरीस ठेवावें व कोणास ठेवूं नये, हें त्यांत सांगितलेलें असतें. हीं कलमें एकापुढें एक मांडून तीं घालणाऱ्यांच्या स्वतःच्या वर्तनाशीं ताडून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय जुना असला तरी शिळा नाहीं. परवान्यावाचून आलेल्या परदेशी माणसास कामावर ठेवूं नये, असे कायदे आज पुष्कळ देशांत आहेत. आणि ते कोणावर चालतात व कोणावर चालत नाहींत, हा वादही सर्वत्र आहे. त्या वादाचें एक जुनें प्रकरण पुण्याच्या वेशीपाशींच घडलें आहे.

(२)

प्रथम आमच्या घरची स्थिति पाहूं. पुणें शहर पेशव्यांच्या अमदानींत परक्या माणसांवर पोसलेलें होतें. कोतवालाच्या कामांची जी यादी पेशव्यांच्या रोजनिशींवरून न्यायमूर्ति रानड्यांनीं दिली आहे, तींत शहरांत येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणें आणि सरकारकामास मजूर पुरविणें हीं दोन्हीं कामें एकाच अधिकाऱ्याकडे आहेत. ज्याच्या हातीं नोंद, त्याच्याच हातीं वेठ; मग गरीब परस्थाची काय गति होत असेल हें सांगावयास नको. सन १७९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस घाशीराम कोतवालाच्या अंमलांत तेलंगी ब्राह्मण कोंडून घातले गेले व त्यांतील वीसाहून अधिक गुदमरून मेले. हे लोक ज्या शहराच्या दक्षिणेची कीर्ति ऐकून आले, त्याच शहराच्या चौकींत मेले. आणि त्यांस कोंडणारा कोतवालही मूळचा उत्तरेकडील परस्थच होता. लोकक्षोभ होऊन ता. ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं घाशीराम दगडांनीं मारला गेला, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे.

हातांत बंदूक असलेल्या परस्थास मात्र वेगळा न्याय होता. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध शनिवारवाड्यांत गाडद्यांनीं केला. तरीही पगारी परकी पायदळ ठेवण्याची चाल पुढें बंद झाली नाहीं. अरब शिपायाचा दरमहा देशी शिपायाच्या दुपटीहून अधिक असे. तेव्हां परक्यास चाकरीस ठेवण्याचे बाबतींत पेशवे सरकारचा हात अगदीं स्वच्छ होता असें आमचें म्हणणें नाहीं. दुबळ्या परस्थावर नजर आणि सबळ परस्थास दरमहा, हा प्रकार येथेंही होताच.

(३)

टोपीकर चाकरांची भरती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाढली. महादजी शिंद्यांनीं द बॉयन्यकडून कवायती कंपू उभे करविले, त्यांची कीर्ति झाल्यावर इतर सरदारांसही तसल्या पलटणी हव्याशा वाटूं लागल्या. पेशव्यांच्या पदरीं विल्यम हेन्री टोन नांवाचा आयरिश मनुष्य पायदळाचा अंमलदार होता. मराठ्यांच्या संस्थांवर त्यानें लिहिलेलें छोटें पुस्तक अभ्यासकांच्या परिचयाचें आहे. जॉन पार्कर बॉइड हा अमेरिकन निजामाकडून पुण्यास आला आणि कांहीं काळ पेशव्यांच्या चाकरींत राहिला. पुढें स्वदेशीं परतून तो तेथील सेनापतींत गणला गेला.

हे लोक कोण होते? कोणी जहाजावरून पळालेला खलाशी, कोणी पलटणींतून काढलेला अधिकारी, कोणी नशीब काढावयास निघालेला तरुण. हरियाणांत हांशी येथें स्वतःचें राज्य मांडणारा जॉर्ज टॉमस हा मद्रासेस जहाज सोडून पळालेला आयरिश खलाशीच होता. कंपनीच्या सनदी कायद्यांप्रमाणें परवान्यावाचून हिंदुस्थानांत राहणाऱ्या विलायती माणसास पकडून परत धाडण्याचा अधिकार कंपनीस होता आणि परवान्याचें हें बंधन १८३३ च्या सनदेपर्यंत बव्हंशीं कायम राहिलें. म्हणजे आजच्या भाषेंत ह्यांतील पुष्कळ मंडळी कागदपत्रांवाचून आलेले परदेशी कामगारच होते. फरक इतकाच कीं, त्यांचें काम लढण्याचें होतें.

ह्यांच्याहून विलक्षण स्थिति मिश्र संततीची होती. १७९१ सालीं कंपनीच्या संचालकांनीं एतद्देशीय मातापित्यांच्या संततीस आपल्या मुलकी, लष्करी व आरमारी हुद्द्यांची बंदी केली. १७९५ सालीं ज्याचे मातापिता दोघेही युरोपीय नाहींत अशास, ढोलवाले, बासरीवाले, वाजंत्री व नालबंद ह्यांवांचून, फौजेंत घेऊं नये असें ठरलें. राजपूत मातेच्या पोटीं १७७८ सालीं जन्मलेला जेम्स स्किनर हा ह्या नियमामुळेंच शिंद्यांच्या चाकरीस गेला. बापाच्या घरीं भाकर नाकारलेला मुलगा शेजाऱ्याच्या दारीं गेला, इतकाच त्याचा अर्थ. त्या शेजाऱ्याच्या दारींही त्यानें उभें राहूं नये, असें पुढें ठरलें.

(४)

ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरनजीक यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. त्या रणांत दोन्हीं बाजूंस टोपीकर होते. होळकरांकडील हार्डिंग तेथें पडला, शिंद्यांकडील डॉज हाही पडला. होळकरांकडील विकर्स बचावला. बाजीराव पळून वसईस गेला आणि ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं तेथें तह झाला. त्याच्या अकराव्या कलमाचा आशय असा: पेशवे निरनिराळ्या देशांच्या युरोपीय लोकांस चाकरीस ठेवीत आले आहेत, इंग्रजांचें एखाद्या युरोपीय राष्ट्राशीं युद्ध जुंपलें आणि त्या राष्ट्राचा पेशव्यांकडील मनुष्य इंग्रजांचें वाईट चिंतितो असें उघडकीस आलें, तर त्यास काढून टाकावें व राज्यांत राहूं देऊं नये. येथें दोन अटी आहेत, युद्ध आणि अपकाराचा पुरावा. एवढेंच कलम असतें तर त्यास फारसा दोष देतां आला नसता.

पुढील तहांत ह्या अटी कशा गळत गेल्या तें पाहण्यासारखें आहे. ता. ३० डिसेंबर १८०३ च्या सर्जी अंजनगांवच्या तहांत शिंद्यांनीं इंग्रजांशीं युद्ध चालू असलेल्या राष्ट्रांचे लोक ठेवूं नयेत असें ठरलें. आणखी, इंग्रजांची प्रजा, मग ती विलायती असो वा हिंदुस्थानी, संमतीवांचून ठेवूं नये असेंही ठरलें. अपकाराच्या पुराव्याची अट गेली. ता. २४ डिसेंबर १८०५ च्या राजघाटच्या तहांत होळकरांनीं कोणत्याही युरोपीयास संमतीवांचून ठेवूं नये असें कलम आलें. युद्धाची अटही गेली. शिवाय सर्जेराव घाटग्यांस कधीं चाकरींत घेऊं नये असें नांवनिशीवार लिहून घेतलें. म्हणजे परदेशी माणसाविषयींचा निषेध मराठा सरदारापर्यंत येऊन ठेपला. शेवटीं ता. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत बाजीरावानें युरोपीय अथवा अमेरिकन सत्तेच्या प्रजेस इंग्रजांच्या संमतीवांचून राज्यांत पाऊलच ठेवूं देऊं नये असें ठरलें. पंधरा वर्षांत निषेध चाकरीवरून वेशीवर आला.

(५)

आतां निषेध करणाऱ्याची बाजू तपासूं. फ्रेंचांची भीति निव्वळ कल्पित नव्हती. निजामाच्या पदरीं रेमाँचा मोठा फ्रेंच कंपू होता, तो १७९८ च्या ऑक्टोबरांत मोडून टाकीपर्यंत इंग्रजांस झोंप नव्हती. शत्रूच्या हातीं शस्त्र राहूं नये असें कोणासही वाटेल. परंतु नियमाची कसोटी त्याच्या हेतूवर होत नाहीं. तो सर्वांस सारखा लागतो कीं नाहीं ह्यावर होते.

ह्या कसोटीस हीं कलमें उतरत नाहींत. सिलोनांत डचांच्या पगारांत असलेली द म्यूराँची स्विस पलटण इंग्रजांनीं १७९५ सालीं अखंड आपल्या चाकरींत घेतली, आणि ती १७९९ सालीं श्रीरंगपट्टणावर लढली. शिंद्यांनीं कंपनीची हिंदी प्रजा ठेवूं नये; पण कंपनीची बंगाल फौज अयोध्येच्या नबाबाच्या प्रजेनें भरलेली होती, आणि मुंबईच्या पलटणींत पेशव्यांच्या कोंकणांतील माणसें होतीं. त्यांचीं बायकामुलें पेशव्यांच्या मुलुखांत राहात. ह्या भरतीस पेशव्यांची संमति घ्यावी असें कोणत्याही कलमांत लिहिलेलें नाहीं. ऑगस्ट १८०३ मध्यें गव्हर्नर जनरल वेलस्लीनें जाहीरनामा काढून शिंद्यांकडील इंग्रज प्रजेस चाकरी सोडण्यास फर्माविलें व येणारांस निर्वाहाची हमी दिली. स्किनरसारख्यांस पेरोंनें काढून दिलें आणि तोच स्किनर जनरल लेकच्या पदरीं घोडदळाचा नायक झाला. जो कालपर्यंत आईच्या कुळामुळें हुद्द्यास नालायक, तो शत्रूचा चाकर होतांच इंग्रज प्रजा ठरला! शास्त्रकार ह्यास अर्धजरतीय न्याय म्हणतात. सोयीचें तेवढें अर्धें घ्यावयाचें, गैरसोयीचें अर्धें टाकावयाचें.

ह्या ओढाताणींत चाकरांचें काय झालें? होळकरांकडील विकर्स, डॉड व रायन ह्या तिघां अधिकाऱ्यांनीं इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला, म्हणून १८०४ सालीं यशवंतरावांनीं त्यांचा शिरच्छेद करविला. एका धन्याचें कलम पाळावें तर दुसऱ्याची तलवार मानेवर, अशी त्यांची स्थिति होती. कलम लिहिणारे कलकत्त्यास सुरक्षित होते.

(६)

सर्वांत बोलका पुरावा मात्र पुण्यापासून अवघ्या दोन कोसांवर आहे. १८१२-१३ च्या सुमारास बाजीरावाच्या पैशानें दापोडीस एक कवायती कंपू उभा राहिला. त्याचा नायक कॅप्टन फोर्ड हा इंग्रज. परदेशी मनुष्य पेशव्यांच्या चाकरीस, पेशव्यांच्या खजिन्यांतून त्यास दरमहा; पण त्याविषयीं रेसिडेंट एल्फिन्स्टनची मुळींच हरकत नव्हती, कारण फोर्ड त्यांचाच मनुष्य होता. वसईच्या तहानें किमान सहा हजारांचें इंग्रजी पायदळ पेशव्यांच्या राज्यांत कायमचें बसविलें व त्याच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून घेतला. १८१७ सालीं आणखी पांच हजार स्वार व तीन हजार पायदळाच्या खर्चासाठीं चौतीस लक्षांचा ऐवज घेतला. हे सर्व परदेशी सत्तेचे लोक होते. परंतु कलमाच्या लेखीं ते परदेशी नव्हते. पेशव्यानें स्वतः निवडलेला तेवढा परदेशी, आणि त्याच्यावर लादलेला तो आपला!

ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत दिलेली हकीकत येथें नमूद करणें अवश्य आहे. फोर्ड व पेशव्यांचे कारभारी मोर दीक्षित यांचा स्नेह होता. लढाई अटळ दिसूं लागली तेव्हां दीक्षितांनीं फोर्डला गांठून विचारलें. आपण इंग्रजांकडूनच लढणार, असें फोर्डनें उघड सांगितलें. तेव्हां ज्याचा पक्ष जिंकेल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा, असा दोघांनीं एकमेकांस शब्द दिला. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या मैदानावर दापोडीचा कंपू इंग्रजांस जाऊन मिळाला. जरीपटका घेऊन पुढें आलेले मोर दीक्षित तोफेच्या माऱ्यानें पडले. ती तोफ फोर्डच्याच कंपूची होती. ती तोफ पेशव्यांच्या पैशानें उभ्या राहिलेल्या कंपूची होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ह्यांत फोर्डास कृतघ्न म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. त्यानें आपली निष्ठा लपविली नाहीं. दोष त्या रचनेचा, जींत पेशव्यास चाकर ठेवण्याचा खर्च होता, पण निवडण्याचा हक्क नव्हता.

(७)

असल्या निषेधाचें हें लक्षण दुसरीकडेही दिसतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५२ च्या कायद्यानें परवान्यावाचून आलेल्या परक्यास आश्रय देणें हा गुन्हा ठरला. पण त्यास कामावर ठेवणें म्हणजे आश्रय देणें नव्हे, अशी पुस्ती शेतमालकांच्या सोयीसाठीं त्याच कायद्यांत जोडली गेली. मजूर अपराधी आणि धनी निरपराधी, हा प्रकार १९८६ पर्यंत चालला. त्या सालीं जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्यासही दंड लागू झाला. तेथें धन्यास सूट होती व चाकरास शिक्षा. पुण्यास दुबळ्या धन्यास बंदी होती व सबळ धन्यास मुभा. दोहोंचें बीज एकच: ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्या दाराशीं कलम थांबतें.

आमच्या मतें ह्या कलमांवरून स्वराज्याच्या ऱ्हासाचें एक माप मिळतें. किल्ला केव्हां गेला, मुलूख केव्हां गेला ह्याच्या तारखा आम्ही पाठ करतों. पण आपल्या पदरीं कोणास ठेवावें हें ठरविण्याचा हक्क कोणत्या कलमानें, किती गेला, ह्याचीही गणना झाली पाहिजे. बाजीरावाचें राज्य १८१८ सालीं बुडालें. घरांत कोण यावें हें ठरविण्याचा हक्क त्यानें वर्षापूर्वींच लिहून दिला होता.

दापोडीच्या कंपूचे हजेरीपट, रोजमुऱ्याच्या याद्या, टोपीकर व अरब शिपायांच्या बोलीचे कागद, कोतवालीचे आल्यागेल्याचे रुमाल, ह्यांपैकीं कांहीं ज्या संग्राहकांच्या दफ्तरांत असेल त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी. तहनामे धन्यांचें म्हणणें सांगतात. चाकरांचें म्हणणें अशाच फुटकळ कागदांत उरलें असेल तर उरलें असेल.