विनोदी पात्राचा पुतळा

कामठीप्रमाणेच नागपूर जिल्ह्यात असलेल्या सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी निवर्तले. पुण्याच्या संभाजी उद्यानात १९६२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. ‘राजसंन्यास’ नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणावरून जानेवारी २०१७ मध्ये तो उखडून नदीत टाकण्यात आला. लेखकाच्या पुतळ्याची ही गत; त्याच्या विनोदी पात्राचा पुतळा तर कोणी कल्पिलाही नाही.

‘प्रेमसंन्यासा’तील विसराळू गोकुळ घडवावयाचा झाल्यास शिल्पकारास उपरण्याच्या गाठी दाखविता येतील. परंतु आठवणीसाठी मारलेली गाठ कशाची, हेच आठवू नये, ही गंमत संवादावाचून कळावी कशी? उलटपक्षी, आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ रेषांतून जन्मलेला आणि मुका. म्हणूनच धोतर आणि चौकड्यांचा कोट यांनिशी तो २००१ साली पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात व पुढे मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी सहज उभा राहिला.

गोकुळाची दखल भाषेने घेतली आहे. विसरभोळ्या माणसास ‘गडकऱ्यांचा गोकुळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. येथील षष्ठी लक्षणीय होय. ‘शकुनी’, ‘कुंभकर्ण’ ही विशेषनामे सामान्यनामाप्रमाणे एकटी योजता येतात. नुसते ‘गोकुळ’ म्हटले की मराठी मनापुढे मुलाबाळांनी भरलेले घर येते. हा जुना अर्थ वाटेत उभा असल्याने नव्या अर्थास ‘विसराळू’ किंवा ‘गडकऱ्यांचा’ असे विशेषण जोडावे लागते, आणि पात्राबरोबर त्याच्या कर्त्याचेही नाव बोलण्यात येत राहते.