दोराच्या पुढच्या टोकाचा माणूस : स्लॅलम वॉटर स्कीइंगमधील बोटचालक

वॉटर स्कीइंगच्या इतिहासात २ जुलै १९२२ ही तारीख हमखास येते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदी रुंदावून तिचा लेक पेपिन नावाचा तलाव होतो. त्याच्या काठी लेक सिटी हे गाव आहे. तिथला राल्फ सॅम्युएलसन त्या दिवशी बोटीमागे, दोर धरून, पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला १९वे वर्ष पूर्ण होणार होते. त्याआधी पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून झाल्या होत्या, पण जमले नव्हते. शेवटी त्याने सुमारे ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद फळ्या घेतल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. मागे रेलायचे आणि टोके पाण्याबाहेर ठेवायची, एवढी युक्ती सापडली आणि खेळ जन्माला आला.

बहुतेक वृत्तांत इथे थांबतात. बोट कोण चालवत होते? राल्फचा भाऊ बेन. फसलेला प्रत्येक प्रयत्न म्हणजे बेनने बोट वळवून परत आणणे, भावाजवळ दोर पोहोचवणे आणि पुन्हा पहिल्यापासून वेग घेणे. अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने राल्फला खेळाचा जनक म्हणून मान्यता दिली ती १९६६ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी. बेनचे नाव अजूनही एखाद्या वाक्यापुरतेच येते. प्रस्तुत टिपण बेनच्या बाजूने लिहिले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. मी उतईत राहतो. इथल्या विद्यार्थ्यांना वेगवान बोट म्हटले की धमतरीजवळचे गंगरेल धरण आठवते आणि कोकणात जाऊन आलेल्यांना मालवण-तारकर्लीची ‘बनाना राइड’. पिवळ्या फुग्यावर पाच-सहा जण बसतात, पुढे बोट ओढते आणि शेवटी चालक अनेकदा मुद्दाम झटक्यात वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात पाडतो. लोक हसतात, कारण पाडणे हाच तिथला कार्यक्रम असतो. स्लॅलममध्येही दोर तोच, बोट तीच आणि मागे माणूसही तसाच. पण चालकाचे काम नेमके उलटे. त्याने वळायचे नाही, हेलकावायचे नाही, वेग कमी-जास्त करायचा नाही. मागच्याने मात्र जीव तोडून इकडून तिकडे जायचे.

हे समजण्यासाठी आधी मार्गाची मापे पाहू. प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत अंतर २५९ मीटर. मध्ये सहा बोये (मच्छीमार जाळ्याच्या तरंगत्या गोळ्याला म्हणतात तोच बोया) एकाआड एक उजवीकडे आणि डावीकडे, मधल्या रेषेपासून ११.५ मीटर अंतरावर. बोट मधूनच, २.३ मीटर रुंदीच्या पट्टीतून सरळ जाते. स्कीअरने सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. पुरुषांच्या गटात कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. या वेगाने पूर्ण मार्ग १६.०८ सेकंदांत संपतो आणि एका बोयापासून दुसऱ्यापर्यंतचे ४१ मीटर बोट अडीच सेकंदांत कापते. सहा बोये जमले की पुढच्या फेरीत वेग वाढतो. कमाल वेग गाठल्यावर दोर कमी होऊ लागतो : १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५ आणि त्याहूनही खाली.

आता एक छोटे गणित करू. दोर १०.७५ मीटर आहे आणि बोया ११.५ मीटर दूर आहे, म्हणजे दोर बोयापर्यंत पोहोचतच नाही. समजा वळणाच्या क्षणी दोराचा मधल्या रेषेशी ७० अंशांचा कोन झाला. तर दोराचे टोक १०.७५ × ०.९४ म्हणजे सुमारे १०.१ मीटरवर असेल. उरलेले १.४ मीटर स्कीअरने एक हात सोडून, अंग पाण्याकडे झोकून, स्की बाहेर काढून भरायचे. याच वेळी चालकाने बोट त्या बोयाच्या बाजूला फक्त २० सेंटिमीटर सरकवली तर? १.४ मीटरचा सातवा भाग फुकटात मिळाला. उलट बाजूला सरकली तर तेवढाच भुर्दंड. काठावरून २० सेंटिमीटर कोणाला दिसणार? मैत्रीही इथेच होऊ शकते आणि बेइमानीही.

बोट सरळ ठेवणे ऐकायला सोपे वाटते. पण स्कीअर वळणातून बाहेर पडून दोर ओढतो तेव्हा बोटीची शेपटी त्याच्या बाजूला खेचली जाते आणि वेगही पडतो. पुढच्या अडीच सेकंदांत तेच उलट्या बाजूने. चालकाला हे सहा वेळा सोसायचे असते आणि प्रत्येक वेळी ओढ येण्याच्या किंचित आधी सुकाणू व थ्रॉटल हलवायचे असते. ओढ जाणवल्यावर हलवले तर उशीर झालेला असतो, आणि दुरुस्तीचा झटका थेट मागच्याच्या हातात पोहोचतो. जुने चालक वेगमापकाच्या काट्यापेक्षा इंजिनाच्या आवाजावर भरवसा ठेवत. माझ्या यंत्र-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी हे फीडबॅक आणि फीडफॉरवर्ड नियंत्रणाचे उदाहरण म्हणून देतो. पाठ्यपुस्तकातल्या भट्टीच्या तापमानापेक्षा ते लवकर पटते, आणि भिलाईत भट्टीचे उदाहरण टाळणे म्हणजे धाडसच.

संघटित इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतली संघटना आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा दोन्ही १९३९ सालच्या. स्पर्धा न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर झाली. आंतरराष्ट्रीय संघटना १९४६ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधल्या ज्युआं-ले-पँ इथे भरली. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनापुरता होता. पदकांच्या यादीत तो कधी आला नाही.

चालकाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचे बदल बोटींत झाले. १९६१ मध्ये आलेली ‘स्की नॉटिक’ आणि १९६८ मध्ये टेनेसीत रॉब शर्ली यांनी सुरू केलेली ‘मास्टरक्राफ्ट’ या बोटी ओढण्यासाठीच घडवलेल्या होत्या. इंजिन मध्यभागी, दोर बांधायचा खांब साधारण मध्यावर, आणि मागे उठणारी लाट शक्य तितकी ठेंगणी. खांब मध्यावर आल्यामुळे बाजूची ओढ शेपटी फिरवेनाशी झाली. सुरुवातीचे चालक ज्या बोटींशी झगडत त्यांत हे काहीच नव्हते.

स्पर्धेत वेग पाळला की नाही हे पूर्वी बोटीत बसलेले पंच स्टॉपवॉचवर बघत. वेळ ठरल्या मर्यादेबाहेर गेली तर फेरी पुन्हा देण्याची तरतूद होती. म्हणजे चालकाची चूक स्कीअरच्या नावावर जमा होणार नाही, एवढी काळजी नियमांनी घेतली. पण दमलेल्या हातांनी तीच फेरी पुन्हा मारणे ही भरपाई अर्धवटच. नियमांना जिथे हात पोहोचत नव्हता तिथे शिष्टाचार तयार झाला. तो कोणी एका बैठकीत लिहिला नाही, खेळाच्या गरजेतून हळूहळू रुजला.

त्यातला पहिला संकेत असा की सुरुवात चालक करत नाही. तो बोट अगदी संथ पुढे नेतो, दोराचा ढिलेपणा काढतो आणि थांबतो. पाण्यातला माणूस तयार झाला की ओरडतो (इंग्रजी बोलणारे ‘हिट इट’ म्हणतात) आणि मगच थ्रॉटल पुढे जातो. पुढचे संभाषण हातांनी. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, बोट गोल फिरवले की वळव, गळ्यावर आडवा हात म्हणजे बंद कर. पडल्यावर स्कीअर हात उंच करून ‘ठीक आहे’ कळवतो. तो हात दिसला नाही तर बोटीत गप्पा चालत नाहीत. परत येताना चालक पडलेल्याला आपल्या बाजूला, नजरेसमोर ठेवतो आणि तो बोटीवर चढू लागला की इंजिन बंद करतो. कारण उघड आहे : खाली पंखा आहे.

दुसरा भाग पाण्याच्या काळजीचा. मार्ग संपला की गरकन वळायचे नाही. तसे केले तर बोटीची लाट मार्गावर परत येते आणि पुढची फेरी खड्ड्यांतून काढावी लागते. स्कीअरला टोकाला उतरवायचे, पाणी निवळू द्यायचे, मग त्याच रेषेने परत यायचे. तलावावर दुसरी टोळी असेल तर तिच्या मार्गाजवळून लाट उठेल अशा वेगाने जायचे नाही. पहाटेचे सपाट पाणी ही या लोकांची सामायिक मालमत्ता आहे आणि ते बिघडवणाऱ्याचे नाव लक्षात राहते.

तिसरा भाग पाळीचा. हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. एक मागे, एक सुकाणूवर, आणि शक्यतो तिसरा मागे तोंड करून बसलेला, कारण चालकाची नजर पुढे हवी आणि आरसा पुरत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हा तिसरा निरीक्षक कायद्यानेच लागतो. म्हणून जो आता स्कीवर आहे तो थोड्या वेळाने चालक होतो आणि चालक निरीक्षक. पेट्रोल वाटून घेतात. स्वतःच्या फेऱ्या मारून, दुसऱ्यासाठी बोट न चालवता घरी जाणारा तिथे फार काळ टिकत नाही. या मंडळींच्या मैत्रीचे फार कौतुक होते. माझ्या मते तिची मुळे स्वभावापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहेत. ज्याच्या हातात तुमचा दोर दहा मिनिटांपूर्वी होता, त्याचाच दोर आता तुमच्या हातात असतो. बदला घ्यायला आणि उपकार फेडायला दोन्हीला वेळ फारच कमी.

इथे कोकणातल्या तांडेलाशी तुलना करण्याचा मोह होतो. कोळी बोटीवर तांडेलाचा शब्द अखेरचा. दिशा, जाळे टाकण्याची जागा, परत फिरण्याची वेळ तो ठरवतो आणि खलाशी ऐकतात. पण तांडेल आणि खलाशी एकाच बोटीत असतात, बुडाले तर एकत्र. स्कीच्या बोटीत चालक कोरडा आणि सुरक्षित, धोका सगळा दोराच्या मागच्या टोकाला. म्हणूनच बहुधा इथे आज्ञा उलटी वाहते : सुकाणू चालकाकडे, शब्द मात्र मागच्याचा.

१९९०च्या दशकात ‘परफेक्ट पास’सारखी वेगनियंत्रक यंत्रे आली, नंतर उपग्रहांच्या आधाराने वेग पाळणारे ‘झिरो ऑफ’ आले. चालकाचा थ्रॉटलवरचा हात सुटला. इंजिनाचा आवाज ऐकून वेग धरणाऱ्यांची विद्या एका पिढीत मागे पडली. त्याची हळहळ वाटणारे आहेत, पण गावोगावच्या फेऱ्यांची तुलना खऱ्या अर्थाने न्याय्य झाली ती या यंत्रांमुळेच, हे मान्य करावे लागते. सुकाणू मात्र अजून माणसाकडेच आहे. मोठ्या स्पर्धांत मार्गाच्या टोकाला कॅमेरा ठेवून बोट मधल्या रेषेवर होती की नाही हे तपासतात, आणि चालकांनाही पंचांप्रमाणे दर्जा मिळवावा लागतो. ते २० सेंटिमीटर आता पडद्यावर दिसतात. सरावाच्या तलावावर, पहाटे, तिघांच्या टोळीत कॅमेरा नसतो. तिथे बोट सरळ गेली की नाही हे दोघांनाच कळते : चालकाला आणि दोर हातात असलेल्याला.