कांदा चार महिन्यांत निघतो, इंजिनिअर चार वर्षांत

सध्या अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत. बसस्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत जाताना मी इंजिनिअरिंग कॉलेजांचे सोळा फ्लेक्स मोजले. सगळ्यांवर हसरी पोरं, खाली पॅकेजचा आकडा आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’. याच रस्त्यावरच्या गल्ल्यांमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन दीड-दोन वर्षं घरी बसलेली निदान सात-आठ पोरं माझ्या ओळखीची आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गावात कशा, याचा हिशोब मांडायचा प्रयत्न करतोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात बारावी झालेलं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात १९८३ पासून करू. त्याआधी महाराष्ट्रात इंजिनिअर होणं म्हणजे मोजक्या दारांवर टकटक करणं. पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं, सांगलीचं वालचंद १९४७चं, कराडचं आणि तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी कॉलेज १९६०चं. जागा थोड्या, मार्कांची मारामारी. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची पोरं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायची. आपल्या राज्याचा पैसा बाहेर का जावा, असा सवाल तेव्हा विचारला जायचा, आणि तो चुकीचा नव्हता. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. पुण्याचं एमआयटी, कोल्हापूरचं केआयटी ही त्याच वर्षीची. मग साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कॉलेजं निघत गेली आणि ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रुळला. डोनेशनचा बोभाटा इतका झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला.

त्या निर्णयाला नुसत्या शिव्या घालणं सोपं आहे. पण शेतकऱ्याची, मास्तराची, एसटी कंडक्टरची पोरं त्यामुळेच इंजिनिअर झाली, हेही खरं. अडचण वेगळी आहे. जागा किती काढायच्या हे ठरलं, फी किती यावर कोर्टकज्जे झाले. बाहेर पडणाऱ्या पोरांना काम कोण देणार, हा प्रश्न मात्र कुणाच्याच टेबलावर आला नाही.

योगायोग बघा. १९८१ मध्ये पुण्यात नारायण मूर्ती आणि सहा जणांनी इन्फोसिस काढली. १९८३ मध्येच ती बंगळुरूला गेली. आपण कॉलेजं उघडत होतो तेव्हा कंपनी गाव सोडून निघाली होती. अर्थात तेव्हा सॉफ्टवेअर हा धंदाच लहान होता. आपल्या पोरांना भोसरी-चिंचवडचे, नाशिकचे कारखाने घ्यायचे. सॉफ्टवेअरची लाट आली ती नव्वदच्या दशकात. ‘वायटूके’चं काम निघालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, ते २००० च्या आत दुरुस्त करायचं होतं. अमेरिकेला माणसं हवी होती, आणि आपल्याकडे इंग्रजी वाचता येणारी स्वस्त माणसं होती. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं आणि गावोगावी एकच धोशा सुरू झाला: पोराला कॉम्प्युटरला घाला.

आता इथं जरा थांबा, कारण गोम इथंच आहे.

कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो. माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेतल्या रिचर्ड फ्रीमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७६ मध्ये इंजिनिअरांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं. पगार वाढलेले दिसले की पोरं त्या शाखेला गर्दी करतात, आणि ती शिकून बाहेर येतात तोवर बाजार फिरलेला असतो. कांदा लागवडीपासून चार महिन्यांत निघतो. इंजिनिअर चार वर्षांत. तेवढ्या काळात काय काय बदलतं, ते आपल्याच तीन बॅचवर बघू.

पहिली बॅच माझ्या वयाची. १९९८ मध्ये अ‍ॅडमिशन, २००२ मध्ये पासआउट. मी पत्रकारितेच्या डिप्लोमाला गेलो, वर्गातले हुशार दोस्त कॉम्प्युटरला गेले. मधल्या काळात वायटूकेचं काम संपलं, मार्च २००० नंतर अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा फुटला. माझे दोस्त पुण्यात कॉटबेसिसवर राहून जावाचे क्लास करत होते, सी-डॅकच्या कोर्ससाठी परीक्षा देत होते, रिझ्युमेच्या झेरॉक्स घेऊन कंपन्यांच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घालत होते. त्यातला एक आज टोरांटोत आहे. एक गावात हार्डवेअरचं दुकान चालवतो. दोघांच्या अकलेत फरक नव्हता. एकाच्या घरी आणखी एक वर्ष थांबायला पैसे होते, दुसऱ्याच्या नव्हते.

दुसरी बॅच २००५ ची. तेव्हा परत तेजी होती, कंपन्या कॉलेजात येऊन वर्गच्या वर्ग उचलत होत्या. ती पोरं बाहेर पडली २००९ मध्ये. सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली, जानेवारी २००९ ला सत्यमचा घोटाळा उघड झाला. हातात ऑफर लेटर, पण जॉइनिंगची तारीख पुढे पुढे. पेढे वाटून झालेले, आणि पोरगं घरात.

तिसरी बॅच २०२१ ची. कोरोनानंतर सगळ्या जगाला ऑनलाइन व्हायचं होतं. एकट्या टीसीएसनं २०२१-२२ या वर्षात एक लाखाच्या आसपास फ्रेशर घेतले. ते आकडे बघून आपण पोरं कॉम्प्युटरला घातली, ती २०२५ मध्ये बाहेर पडली. मधे काय झालं? २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३,२४९ नं घटली, इन्फोसिसची २५,९९४ नं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आणखी बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं. शिवाय या वेळी एक नवी भानगड आहे. टेस्टिंग, छोटे प्रोग्रॅम, बग काढणं ही जी कामं नवख्या पोराला देऊन त्याला तयार केलं जायचं, तीच कामं आता एआय करू लागलंय. शिडीची पहिली पायरीच काढून घेतल्यासारखं झालंय.

आपल्या गावातला एक पोरगा आहे, नाव सांगत नाही. २०२४ चा पासआउट. त्यानं एक्सेलमध्ये यादी ठेवलीय: ३४० अर्ज, ११ ऑनलाइन टेस्ट, ३ इंटरव्ह्यू. बाकी ठिकाणी ‘नाही’ असंसुद्धा कुणी कळवत नाही. फ्रेशरच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतात. दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे साठ टक्के हवेत. आता ‘गॅप का?’ हा प्रश्न सुरू झालाय. म्हणजे नोकरी नाही म्हणून गॅप, आणि गॅप म्हणून नोकरी नाही. एका एजंटानं ‘बॅकडोअर’नं लावतो म्हणून दोन लाख मागितले. दुसऱ्यानं खोट्या अनुभवाचं पत्र देऊ केलं. कंपनीच्या पडताळणीत ते सापडलं तर पोरगं कायमचं बाद. त्याची आई शेजारणींना सांगते, ‘वर्क फ्रॉम होम आहे.’ बँकेचा हप्ता मात्र घरातल्या म्हशींच्या दुधावर चाललाय.

जे लागले त्यांचंही ऐका. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीत फ्रेशरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे. आज साडेतीनच्या आसपास. फी, खोलीभाडं, मेसचा डबा मात्र थांबलेला नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. मेकॅनिकल, सिव्हिलच्या जागा कमी करून कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवणारी कॉलेजं तुम्हीही बघताय. म्हणजे नोकऱ्या आखडत असताना लागवड वाढतेय. हा माल बाजारात येणार २०२८ मध्ये.

कॉम्प्युटरला जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. मंदीतल्या बॅचनंतर तेजी आलीय, पुन्हा येईलही. पण ज्याच्या घरी दोन वर्षं थांबायची ऐपत आहे त्यालाच ती तेजी गाठता येते. कर्ज काढून शिकवणाऱ्यानं हे धरूनच हिशोब करावा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा फ्लेक्सवरचं सगळ्यात मोठं पॅकेज विसरा. प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर ‘मॅन्डेटरी डिस्क्लोजर’ टाकावं लागतं. त्यात मागच्या तीन वर्षांची प्लेसमेंट आणि सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त, सरासरी पगार द्यायचा असतो. ते उघडून बघा. नसेल तर विचारा. ऑफर किती आणि प्रत्यक्ष रुजू किती, हेही विचारा. बॉन्ड आहे का, ट्रेनिंगचे पैसे कोण भरतं, विचारा. लग्न जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो, इथं तर पाच-सात लाख जातात.

आणि एक हात जोडून विनंती. गल्लीत असं पोरगं दिसलं तर ‘अजून लागली नाही का?’ हे विचारणं बंद करा. पडलेल्या भावाला कांदा लावणारा एकटा जबाबदार नसतो, हे आपल्या तालुक्याला तरी समजायला पाहिजे.

पटलं तर बारावीच्या पालकांपर्यंत पोचवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये बोलू.